यंत्रमानवांच्या मैदानात वही हवी

'फर्स्ट टेक चॅलेंज' या शालेय रोबोटिक्स स्पर्धेत एक वेळ अशी येते, की एकही रोबो चालत नसतो आणि तरी सगळ्या सभागृहाचे लक्ष मैदानाकडे लागलेले असते. पात्रता सामने संपलेले असतात. क्रमवारीत वर आलेल्या संघाच्या कप्तानाला सगळ्यांसमोर विचारले जाते, की बाद फेरीसाठी तुमचा साथीदार संघ कोणता? उत्तर तिथल्या तिथे द्यायचे असते. विचारणा झालेल्या संघाने नकार दिला, तर त्याला नंतर दुसरा कोणी कप्तान निवडू शकत नाही. दिवसभर बाकीचे रोबो नुसतेच डोळ्यांखालून गेले असतील, तर मुले अशा वेळी ओळखीच्या संघाचे नाव घेतात, नाहीतर ज्याचा रोबो दिसायला देखणा त्याचे. ज्या संघाकडे वही असते, तो वहीत पाहून बोलतो.

वहीच्या या कामाला रोबोटिक्सच्या जगात 'मॅच स्काउटिंग' म्हणतात. प्रत्येक सामन्यात प्रत्येक रोबोने नेमके काय केले, याची ठरलेल्या पद्धतीने नोंद ठेवायची आणि त्या नोंदींवरून पुढच्या सामन्याचा डाव व बाद फेरीचा साथीदार ठरवायचा, एवढेच ते काम. त्याला मोटर लागत नाही, सेन्सर लागत नाही, थ्रीडी प्रिंटरही लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या शाळांनी रोबोटिक्समध्ये उतरताना सुरुवात याच कामापासून करावी.

निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब उभारायला सुरुवात केली. एका प्रयोगशाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. निम्मे उभारणीसाठी, निम्मे पाच वर्षे चालवण्यासाठी. देशभरात अशा प्रयोगशाळांची संख्या दहा हजारांपर्यंत गेली आणि २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांसाठी आणखी ५० हजार प्रयोगशाळा जाहीर झाल्या. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी आणि भंडारा या सात तालुक्यांतल्या आणखी कितीतरी शाळांच्या कपाटात आज ना उद्या रोबोटिक्सचे किट येईल. खरी अडचण किट आल्यावर सुरू होते. चाळीस मुलांचा वर्ग आणि रोबो एक. एकाच्या हातात रिमोट, एकाकडे लॅपटॉप, दोघे स्क्रू आवळणारे. उरलेल्या छत्तीस मुलांनी काय करायचे? बहुतेक ठिकाणी त्यांनी टाळ्या वाजवायच्या, असेच ठरून जाते. चार मुलांचे रोबोटिक्स आणि छत्तीस मुलांची करमणूक, यावर सार्वजनिक पैसा खर्च होणे कोणालाच पटू नये.

महाराष्ट्राला या खेळाची ओळख नवी नाही. आशिया-पॅसिफिकमधल्या महाविद्यालयीन संघांची 'एबीयू रोबोकॉन' स्पर्धा २००२मध्ये टोकियोत सुरू झाली आणि पुण्याने तिचे यजमानपद दोनदा भूषवले, २००८ आणि २०१४मध्ये. २००८चा विषय तर थेट आपल्या दहीहंडीवरून घेतलेला होता. रोबोंनी गोविंदा व्हायचे होते. ती स्पर्धा चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने जिंकली. २०१४मध्ये आईबाप आणि मूल अशा दोन रोबोंनी सीसॉ, झोपाळा आणि जंगल जिम पार करायचे होते. तेव्हा व्हिएतनामचे लाक हाँग विद्यापीठ विजयी ठरले. शालेय गटात मुंबईचा 'टीम आर फॅक्टर' हा ६०२४ क्रमांकाचा संघ 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन'मध्ये उतरला. जुलै २०१७मध्ये वॉशिंग्टनला 'फर्स्ट ग्लोबल'ची पहिली स्पर्धा झाली. दीडशेहून अधिक देश आलेले. भारताचा संघ मुंबईच्या शाळकरी मुलांचा होता आणि त्याने अभियांत्रिकी रचनेचे सुवर्णपदक आणले.

मुंबई-पुण्यापर्यंत आलेले हे वारे नागपूरमार्गे साठ-पासष्ट किलोमीटर पुढे भंडाऱ्याला पोचायला फार वेळ लागणार नाही. पोचेल तेव्हा मुलांच्या हातात काय असेल, हे आत्ता ठरवता येते.

'टेक चॅलेंज' भरवणारी 'फर्स्ट' ही संस्था अमेरिकेतले संशोधक डीन केमन यांनी १९८९मध्ये स्थापन केली. १९९२च्या पहिल्या स्पर्धेत २८ संघ होते. या स्पर्धांची सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे आघाडी. 'टेक चॅलेंज'मध्ये दोन संघ मिळून दोन संघांशी खेळतात, 'रोबोटिक्स कॉम्पिटिशन' या मोठ्या स्पर्धेत तीन विरुद्ध तीन. पात्रता फेरीत साथीदार दर सामन्याला बदलतो आणि तो आपण निवडत नाही, वेळापत्रक निवडते. सकाळी ज्याच्याशी झुंजलो, दुपारी त्याच्याच खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. त्यामुळे गुणफलकावर दिसणारा आकडा नेहमी आघाडीचा असतो, एकट्या रोबोचा कधीच नसतो. आघाडीने ७० गुण मिळवले. त्यातले कोणाचे किती, हे फलक सांगत नाही.

यावर गणिताचा एक सुंदर उपाय निघाला. समजा, अ आणि ब मिळून ७०, ब आणि क मिळून ५०, अ आणि क मिळून ६०. तिन्हींची बेरीज १८०, म्हणजे तिघांचे मिळून ९०. त्यातून ७० वजा केले की क २०, ५० वजा केले की अ ४०, आणि ब ३०. दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण रेषीय समीकरणांचे आहे. ही त्याच्या पुढची एकच पायरी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला १११४ क्रमांकाचा 'सिम्बॉटिक्स' संघ २००४च्या सुमारास असा हिशेब करू लागला, २००६मध्ये दुसऱ्या एका संघाने ती रीत सर्वांसाठी खुलेपणाने मांडली आणि 'ऑफेन्सिव्ह पॉवर रेटिंग' म्हणून ती आज जगभर वापरली जाते. साकोलीच्या किंवा पवनीच्या वर्गात फळ्यावर समीकरणे सोडवताना हे उदाहरण घेतले, तर 'याचा उपयोग काय' हा मुलांचा प्रश्न त्या दिवसापुरता तरी मिटेल.

पण या हिशेबावर विसंबून राहता येत नाही. २४ संघांची छोटी स्पर्धा घ्या. प्रत्येकाला ५ सामने मिळाले, तर एकूण ३० सामने आणि आघाडीचे ६० आकडे हाती येतात. २४ अज्ञात संख्यांसाठी ६० समीकरणे पुरेशी वाटतात, पण एखाद्या रोबोची बॅटरी एका सामन्यात निसटली, की त्याच्याबरोबर त्याच्या साथीदारांचेही आकडे हलतात. कधी कधी उत्तर उणे येते, जणू तो रोबो मैदानात नसता तर आघाडीचे बरे चालले असते. आणि हा रोबो ठोकळा उंच टोपलीत टाकतो की खालच्या, शेवटी दांडीला लटकतो की नाही, हे कोणतेही समीकरण सांगत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

बापू नाडकर्णींची गोष्ट क्रिकेटवेड्या मराठी घरांत अजून निघते. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्धची कसोटी. ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. त्यात सलग २१ षटके निर्धाव, सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. सामना अनिर्णित सुटला. निकाल पाहिला तर नाडकर्णी कुठेच नाहीत, आणि बळींच्या रकान्यात त्यांच्यापुढे शून्य आहे. तरी साठ वर्षांनंतर ती कामगिरी माहीत आहे, कारण कोणीतरी प्रत्येक चेंडू लिहून ठेवला होता. रोबोंच्या मैदानावरही असे नाडकर्णी असतात: स्वतः फार गुण न मिळवणारे, पण समोरच्या आघाडीची वाट अडवून धरणारे, किंवा एकाही सामन्यात बंद न पडणारे. गुणफलक त्यांना ओळखत नाही.

मग ही नोंद ठेवायची कशी? इथे बहुतेक उत्साही संघ एकच चूक करतात. ते पन्नास रकाने आखतात. रोबोला चाके किती, मोटरी कोणत्या, चालक कसा वाटला, वेग दहापैकी किती. पहिल्या दोन सामन्यांत सगळे रकाने भरतात, तिसऱ्यापासून अर्धे, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत वही मिटते. एकच नियम पाळला तरी यातून सुटका होते. ज्या आकड्यावरून कोणताही निर्णय होणार नाही, तो आकडा लिहायचा नाही. निर्णय तर दोनच असतात, पुढच्या सामन्यात काय करायचे आणि साथीदार कोण घ्यायचा.

२०२४-२५च्या हंगामातला 'टेक चॅलेंज'चा 'इन्टू द डीप' हा खेळ घेतला, तर हे नीट कळते. सामना अडीच मिनिटांचा. पहिली ३० सेकंदे रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, पुढची दोन मिनिटे मुले रिमोटने चालवतात. 'नमुना' म्हणजे खेळातला ठोकळा. तो उंच टोपलीत टाकला तर ८ गुण, खालच्या टोपलीत ४. क्लिप लावलेला नमुना वरच्या दांडीवर अडकवला तर १०, खालच्या दांडीवर ६. शेवटी रोबोने खालच्या दांडीला धरून जमीन सोडली तर १५ आणि वरच्या दांडीवर चढला तर ३०. स्वयंचलित अर्ध्या मिनिटात ठेवलेला नमुना शेवटपर्यंत तिथेच राहिला, तर त्याचे गुण दुसऱ्यांदा मिळत.

आता दोन रोबो डोळ्यांसमोर आणा. पहिला रिमोटच्या दोन मिनिटांत सारखा धावतो आणि उंच टोपलीत पाच नमुने टाकतो: ४० गुण. दुसरा संथ, दोनच नमुने टाकतो, मग शांतपणे वरच्या दांडीवर चढतो: १६ आणि ३०, मिळून ४६. प्रेक्षकांच्या लक्षात पहिला राहतो. आपला स्वतःचा रोबोही टोपलीकडे धावणाऱ्या जातीचा असेल, तर पहिल्याला साथीदार घेऊन दोघे एकाच टोपलीपाशी एकमेकांच्या वाटेत येणार. हवा असतो दुसरा, आणि तो वहीतच सापडतो.

या खेळासाठी सहा रकाने पुरतात. स्वयंचलित वेळेत उंच टोपलीत किती, वरच्या दांडीवर किती; रिमोटच्या वेळेत उंच टोपलीत किती, वरच्या दांडीवर किती; शेवटी चढला का आणि कुठवर; मध्येच बंद पडला का. खाली एका ओळीचा शेरा. मोजायचे ते ताळ्याच्या खुणांनी, पाचवी काठी आडवी, जशी गणिताच्या पुस्तकातल्या वारंवारता सारणीत असते तशीच. 'चांगला', 'बरा', 'वेगवान' हे शब्द शेऱ्याच्या ओळीतच राहू द्यावेत. तुमसरच्या मुलाचे 'चांगला' आणि लाखांदूरच्या मुलीचे 'चांगला' यांची बेरीज होत नाही. सात आणि पाचाची होते.

एका मुलाने एका सामन्यात एकाच रोबोकडे पाहायचे. मैदानावर चार रोबो, म्हणून निरीक्षक चार. हे ऐकायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, कारण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आरडाओरडा झाला की मान आपोआप वळते. त्यासाठी सराव लागतो, आणि त्या सरावाला रोबो लागत नाही. जगभरच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. डिजिटल वर्गातल्या पडद्यावर एक सामना लावायचा, दोन मुलांनी एकमेकांना न विचारता एकाच रोबोची नोंद करायची आणि मग कागद शेजारी ठेवायचे. एकाने सात लिहिले, दुसऱ्याने पाच. चूक कोणाची, यापेक्षा फरक कशामुळे पडला हे शोधणे जास्त मोलाचे आहे. बहुधा असे निघते, की टोपलीच्या काठावर आपटून बाहेर पडलेला नमुना एकाने मोजला आणि दुसऱ्याने नाही. मग नियम ठरतो: टोपलीत स्थिर राहिला तरच मोजायचा. तो नियम नोंदपत्राच्या मागच्या बाजूला लिहायचा. असे आठ-दहा नियम साठले, की शाळेची स्वतःची पद्धत उभी राहते. मोजमापाची व्याख्या आधी ठरली नाही तर मोजमाप फसते, ही विज्ञानातली मूळ शिकवण अशा एका तासात जितकी खोल रुजते, तितकी प्रयोगवहीत छापील निरीक्षणे उतरवून कधीच रुजणार नाही.

सामना क्रमांक, संघ क्रमांक आणि आघाडीचा रंग हे तिन्ही नोंदपत्रावर आधीच लिहून ठेवावे. वेळापत्रक जाहीर झाले की पहिले काम हेच. मोजताना एखादा नमुना निसटला तर नोंद थोडी चुकते. पण संघ क्रमांकच चुकीचा पडला, तर एका फटक्यात दोन संघांची माहिती खराब होते, आणि ती चूक नंतर शोधायला कोणालाही सवड नसते.

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक. रोबोने काहीच टाकले नाही, तर शून्य लिहायचे. निरीक्षकाचे लक्ष गेले, कोणीतरी समोर उभे राहिले, पेन्सिलीचे टोक मोडले, तर 'पाहिले नाही' अशी खूण करायची. दोन्ही ठिकाणी रकाना कोरा ठेवला, तर संध्याकाळी बेरीज करणारी मुलगी दोन्हींना शून्य समजेल आणि एका चांगल्या रोबोची सरासरी विनाकारण घसरेल. मुलांना 'मला दिसले नाही' असे निःसंकोच लिहिता आले पाहिजे. आपल्या वर्गांमध्ये उत्तरपत्रिकेत काहीतरी लिहून येण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की प्रामाणिकपणे कोरे सोडणे मुलांना अपराधासारखे वाटते. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकावे, की 'पाहिले नाही' ही खूण करणारा निरीक्षक अंदाजाने आकडा भरणाऱ्यापेक्षा संघाच्या जास्त कामाचा आहे.

आकडे जमले की सरासरीपाशी थांबू नये. एका रोबोचे पाच सामन्यांतले नमुने ६, ७, ०, ६, ७ असे असतील, तर मध्य ५.२ येतो आणि मध्यक ६. ते शून्य कुठून आले, हे 'बंद पडला का' या रकान्यात पाहायचे. वायर एकदाच निघाली असेल, तर हा सहा-सात नमुन्यांचा भरवशाचा रोबो आहे. दर सामन्यात थोडा थोडा अडकत असेल, तर मग विचार करावा लागेल. मध्य आणि मध्यक या दोहोंची गरज का पडते, हे शिकवायला याहून चांगला धडा मिळणे कठीण.

नोंदी बरोबर आहेत की नाहीत, हेही त्याच दिवशी तपासता येते. आघाडीच्या दोन रोबोंच्या नोंदी एकत्र करून गुण काढायचे आणि अधिकृत गुणफलकाशी ताडून पाहायचे. दंडाचे गुण बाजूला ठेवून मोठी तफावत आली, तर ते दोन कागद वेगळे काढायचे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावचा १६७८ क्रमांकाचा 'सिट्रस सर्किट्स' संघ आपल्या नोंदपद्धतीसाठी नावाजलेला आहे. त्यांनी एकेका रोबोवर तीन-तीन निरीक्षक बसवून तिघांचे आकडे जुळवून पाहिले आणि आपली पद्धत व प्रोग्राम सगळ्यांसाठी खुले केले. भंडाऱ्याच्या शाळेला एवढी माणसे परवडणार नाहीत. गुणफलकाशी मेळ घालणे मात्र कोणालाही जमेल.

ॲपचा मोह इथे हमखास आडवा येतो. मोबाइलवर बटणे दाबली की आकडे आपोआप जमा होतील, हे चित्र मुलांना भुरळ घालते आणि पालकांनाही. पण मोठ्या स्पर्धांमध्ये संघांना स्वतःचे वाय-फाय लावायला बंदी असते, कारण त्याचा रोबोंच्या संपर्काला अडथळा होतो. म्हणून परदेशातले कितीतरी संघ टॅबलेटवर नोंद करून तिचा क्यूआर कोड पडद्यावर आणतात आणि लॅपटॉपचा कॅमेरा तो वाचून घेतो. इंटरनेट लागतच नाही. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड वाचणाऱ्या आपल्या मुलांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही, आणि अकरावी-बारावीच्या मुलांनी ती एखाद्या हंगामात जरूर उभारावी. पहिल्या स्पर्धेला मात्र कागद, पेन्सिल, पॅड आणि एक जुना लॅपटॉप एवढेच न्यावे. लिबरऑफिसची स्प्रेडशीट फुकट मिळते. लॅपटॉपही नसेल, तर एका मोठ्या कार्डशीटवर संघवार तक्ता करून भिंतीला लावला तरी काम भागते. कागदाची बॅटरी उतरत नाही. शिवाय कागदावर ज्या पद्धतीचे दोष सापडले नाहीत, त्या पद्धतीचे ॲप केले तर ते दोष ॲपमध्ये पक्के होतात.

दिवसभरात तीसेक सामने, चार निरीक्षकांच्या दोन पाळ्या आणि आकडे चढवणारा एक, म्हणजे नऊ मुले लागतात. 'टेक चॅलेंज'च्या संघात १५पर्यंत मुले चालतात, पण लांबच्या स्पर्धेला एवढ्यांना नेण्याचा खर्च ग्रामीण शाळेला झेपत नाही. यावर तोड सोपी आहे. जिल्ह्यातल्या तीन शाळांनी मिळून नोंदी ठेवाव्यात. प्रत्येकीने तीन मुले द्यावीत आणि तक्ता तिघींचा सामाईक असावा. यात स्पर्धेच्या भावनेला बाधा येते असे कोणाला वाटेल. पण सिम्बॉटिक्स संघाने जागतिक स्पर्धेतल्या सगळ्या संघांच्या माहितीचा आपला तक्ता वर्षानुवर्षे कोणालाही उतरवून घेता येईल असा ठेवला, आणि तरी तो जगातल्या सर्वांत यशस्वी संघांमध्ये गणला गेला. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धांमध्ये रुजवलेले 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम'चे तत्त्व असेच आहे: जीव तोडून खेळायचे आणि प्रतिस्पर्ध्यालाही मदत करायची.

एक धोका मात्र आत्ताच ओळखून ठेवायला हवा. वहीचे काम दुय्यम समजले गेले, की ते मुलींच्या गळ्यात पडेल. अक्षर चांगले आहे, तू लिही, रोबो आम्ही चालवतो. असे होऊ द्यायचे नसेल, तर पाळ्या फिरत्या ठेवाव्यात. चालकानेही काही सामने निरीक्षकाच्या खुर्चीत बसावे आणि निरीक्षकाने सरावात रिमोट हाती घ्यावा. साथीदार निवडीच्या वेळी कप्तानाशेजारी तक्ता सांभाळणारी मुलगी उभी असावी आणि तिच्या शब्दाला वजन असावे.

जिल्ह्याला निरीक्षणाचे वावडे नाही. धानाची कापणी-मळणी उरकली की झाडीपट्टीत बैलजोड्यांचे शंकरपट भरतात. बंदीच्या काळानंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२३च्या निकालाने तर त्यांना पुन्हा जोर आला. कोणत्या जोडीने किती सेकंदांत पट मारला, हे पटाचे शौकीन पुढच्या वर्षीही सांगतात. रोबोच्या मैदानाशेजारी बसलेल्या मुलांकडून याच नजरेची अपेक्षा आहे, फक्त ती कागदावर उतरायला हवी. आणि कागदावर उतरवण्याचे शास्त्र जाणणारी माणसेही जिल्ह्यातच आहेत. गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना, वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, इथे तपासणीचे तक्ते भरणे हा रोजच्या कामाचा भाग आहे. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या नावाशी जोडलेल्या गुणवत्तेच्या सात साधनांमध्ये 'चेक शीट' हे एक साधन आहे, आणि सामन्याचे नोंदपत्र म्हणजे चेक शीटच. गुणवत्ता विभागातल्या एखाद्या अनुभवी माणसाने शनिवारी दोन तास शाळेत येऊन दोष कसे मोजतात, नोंद कशी पडताळतात हे दाखवले, तर शाळेला पैसा लागणार नाही आणि कारखान्याचे काही अडणार नाही.

याला जिल्हा पातळीवर आकार द्यायचा, तर स्पर्धेचा साचाही बदलावा लागेल. महाविद्यालयांच्या तांत्रिक महोत्सवांत रोबो-रेस, रोबो-सॉकर, रोबो-वॉर हे प्रकार बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की संघ घरी. लाखांदूरहून पहाटे निघालेल्या मुलांना तीन मिनिटांच्या खेळानंतर परत पाठवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि एकाच सामन्याच्या नोंदीतून कोणी काही शिकत नाही. भंडाऱ्याजवळ शहापूरला मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्यांनी पुढाकार घेऊन डिसेंबर-जानेवारीत एक दिवसाची शालेय स्पर्धा भरवावी. मैदान बारा फूट बाय बारा फूट, 'टेक चॅलेंज'इतकेच. महागडे किट सक्तीचे नसावे. अर्डुइनोवर चालणारी साधी गाडी चेंडू ढकलू शकली तरी तिला प्रवेश असावा. दोन विरुद्ध दोन, साथीदार बदलता, आणि प्रत्येक संघाला किमान पाच सामने. पाचवा सामना आणि साथीदार निवड यांच्यामध्ये तासाभराची सुट्टी ठेवावी, कारण वही वाचून निर्णय घ्यायला तेवढा वेळ लागतोच. नोंदपत्र मराठीत छापून सर्व संघांना महिनाभर आधी पाठवावे, म्हणजे रोबो अपुरा राहिलेली शाळाही निरीक्षक म्हणून सहभागी होऊ शकेल.

आणि बक्षीस. पहिल्या क्रमांकाइतक्याच रकमेचे एक बक्षीस सर्वोत्तम नोंदवहीला असावे, आणि तिची कसोटी आधीच जाहीर करावी. वहीतल्या नोंदींवरून काढलेले आघाडीचे गुण अधिकृत गुणांच्या किती जवळ आले, 'पाहिले नाही' ही खूण प्रामाणिकपणे वापरली का, आणि साथीदार निवडताना संघाने वहीतल्या कोणत्या आकड्याचा आधार घेतला, हे तीन प्रश्न परीक्षकांनी निरीक्षक मुलांना समोर बसवून विचारावेत. उत्तरे देताना शिक्षकांनी मध्ये बोलू नये. स्पर्धा संपल्यावर सगळ्या वह्यांच्या प्रती सहभागी शाळांना द्याव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीचा संघ उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच त्या घेऊन बसेल.